रिंगणात उतरण्यापूर्वी : चाळकऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका

पात्रता

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत राहणाऱ्या, डॉक्टरांनी ‘जरा हालचाल वाढवा’ असे बजावलेल्या आणि जिमची वर्षभराची फी भरून आठवड्याभरात घरी बसलेल्या कोणाही स्त्री-पुरुषास ही मार्गदर्शिका लागू आहे. वयाची अट नाही. लाजेची आहे, ती कमी असावी.

यंत्राची निवड

घरबसल्या व्यायाम करवून घेणाऱ्या व्हिडिओ गेममध्ये तीन नावे ठळक आहेत.

पहिला २००७ सालचा ‘वी फिट’. यात एका पाटावर उभे राहायचे आणि पाटाने आपले वजन टीव्हीवर जाहीर करायचे. पाट आपल्याकडे आहेत आणि वजन जाहीर करणारे नातेवाईकही आहेत. हा खर्च अनाठायी.

दुसरा २०१० साली आलेला ‘कायनेक्ट’. हा कॅमेऱ्याने तुमचे सर्वांग निरखतो आणि त्यासाठी समोर सहा फूट मोकळी जागा मागतो. शिवाय तो एका वेळी दोन खेळाडू ओळखतो. ऐन रंगात वाटीभर साखर मागायला आलेल्या वहिनींना तो दुसरा खेळाडू समजण्याचा धोका आहे, आणि त्यांचे गुण तुमच्यापेक्षा जास्त भरण्याचा त्याहून मोठा. २०१७ साली याचे उत्पादनच थांबले, ते बरे झाले.

तिसरा ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये तो आणला. हातात एक लवचीक कडे धरायचे आणि डाव्या मांडीला पट्टा बांधायचा. कडे दाबायचे, ताणायचे, जागच्या जागी धावायचे. पडद्यावर तुमचा प्रतिनिधी धावतो आणि ड्रॅगो नावाच्या पिळदार ड्रॅगनशी लढतो. खोलीकडे बघणारा कॅमेरा नाही. चाळीस हाच योग्य.

खरेदी लॅमिंग्टन रोडला करावी. दुकानदार म्हणेल, ‘साहेब, इम्पोर्टेड माल आहे, वॉरंटी आपली.’ आपली म्हणजे तुमची.

जागा तयार करणे

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यातून मोरी, कॉट, कपाट, शिवणयंत्र, पाण्याचे पिंप आणि दहावीचा मुलगा वजा करा. उरते ती एका चटईची जागा, आणि तीही तिरकी. म्हणून पुढील क्रम पाळा :

१. कॉटवरच्या गाद्या कपाटावर चढवा. कॉट उभी करून भिंतीला टेकवा.
२. शिवणयंत्र गॅलरीत न्या. शेजारच्या अण्णांना ‘दहा मिनिटंच’ असे सांगा. ते मानणार नाहीत, पण सांगण्याची पद्धत आहे.
३. पिंप हलवू नका. सकाळी पाणी पाऊण तासच येते. व्यायाम नंतरही करता येतो.
४. मुलाला पोटमाळ्यावर पाठवा.
५. पंखा बंद करा. काही प्रकारांत कडे दोन्ही हातांनी डोक्यावर उचलावे लागते आणि पंख्याला हे माहीत नसते.

एव्हाना तुम्ही घामाने निथळत असाल. यंत्र अजून सुरू झालेले नसल्याने हा घाम हिशेबात धरला जाणार नाही. वाईट वाटून घेऊ नये. खेळानंतर हेच सर्व उलट क्रमाने करायचे आहे, तेही बिनहिशेबी.

इमारतीची परीक्षा

उपकरप्राप्त इमारतीत राहत असाल तर म्हाडाचे दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते, ती आधी बघा. यादीत आपली इमारत असल्यास गेम सुरू करण्याऐवजी सामान बांधावे, तोही व्यायामच. यादीत नाही, पण बाहेरून टेकू लावलेले आहेत, अशा इमारतींत फक्त योगासने करावीत. या खेळात हात लाल, पोट पिवळे, पाय निळे आणि योग हिरवा अशी विभागणी आहे. टेकूवाल्यांनी हिरव्यावर राहावे. वृक्षासन गिरगावात, क्योटोच्या सांगण्यावरून करताना अभिमान वाटो की संकोच, तोल मात्र जाऊ देऊ नये.

खालच्या काकू

लाकडी तक्तपोशीवर जागच्या जागी धावणे म्हणजे काय, हे खालच्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या मिनिटाला काकू जिन्यात येऊन विचारतील, ‘आमच्या डोक्यावर कोण मिरच्या कुटतंय?’

जपान्यांनाही अशा काकू असाव्यात, कारण त्यांनी खेळात ‘सायलेंट मोड’ची सोय ठेवली आहे. तो चालू केला की धावायचे नाही. त्याऐवजी गुडघे वाकवून उठबस करायची. म्हणजे बैठका. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात १९२५ पासून पोरे अंग कमावत आहेत, ती कुठल्याही ड्रॅगनच्या मदतीशिवाय. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी तर घरोघरी सूर्यनमस्कार घाला म्हणून आयुष्यभर सांगत राहिले. त्याला फार तर एक सतरंजी लागे. तिथेच घोडे अडले. सतरंजीकडे बघून ‘केवढ्याला घेतली?’ असे कोणी विचारत नाही, आणि जे कोणी विचारत नाही ते आपण रोज करत नाही.

नाव-गाव-वजन

सुरुवातीला खेळ तुमचे वय आणि वजन विचारतो. दार उघडे असल्यास उत्तर गॅलरीतून येईल. एक जण म्हणेल ‘ऐंशी लाव’, दुसरा ‘ते लग्नातलं झालं’. वाद न घालता मधला आकडा भरावा. पट्टा पायजम्यावरून बांधल्यास तो घसरतो. लुंगीवर बांधण्याचा प्रयोग करू नये. साडीवर तर करूच नये.

प्रत्यक्ष लढाई

शत्रू चाल करून आला की कडे पोटावर दाबून धरायचे. त्याने हल्ला परतवला जातो. थालिपिठानंतर ही क्रिया निषिद्ध आहे.

याच सुमारास एके काळी गिरणीच्या संघातून कबड्डी खेळलेले अण्णा दारात येऊन उभे राहतील. ‘गुडघा फार पुढं जातोय,’ म्हणतील. थोड्या वेळाने ‘इकडं दे’ म्हणतील. द्यावे. मग दोन पोरे, एक वहिनी आणि इस्त्रीवाला रांगेत लागतील. क्योटोत एकट्याने खेळण्यासाठी बनवलेला खेळ तुमच्याकडे मंडळाचा होईल. वर्गणी मात्र मागू नये.

आहार

खेळात ताकद भरून काढायला स्मूदी मिळते. दादरमध्ये बाहेर पडल्यावर वडा मिळतो. खेळाच्या शेवटी अंगठा ठेवून नाडी मोजायची असते. ती वड्याआधी मोजावी.

सुट्ट्या

गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकाचा सराव करणाऱ्यांना पूर्ण सूट. लालबागमध्ये गणपतीचे सगळे दिवस खेळ बंद. नवसाच्या रांगेत उभे राहिलेले तास निळ्या रंगात धरावेत.

शंकासमाधान

शंका : वजन कधी उतरेल?
समाधान : शिवणयंत्र रोज गॅलरीत नेत राहिलात तर लवकर.

शंका : एखाद्या दिवशी दांडी मारली तर?
समाधान : यंत्र काही बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी नळावर ‘काल आवाज नाही आला, बरं नाही का?’ असे तिघांनी विचारल्यावर संध्याकाळी पट्टा आपोआप बांधला जातो.

शंका : पुनर्विकासात आम्हांला ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळतो आहे. तिथे तर हा खेळ अधिक चांगला होईल ना?
समाधान : जागा मुबलक, स्लॅब सिमेंटचा आणि दार कायम बंद. पंधरवड्यात कडे माळ्यावर जाईल. यावर एकच उपाय आहे. सायलेंट मोड बंद करा आणि रात्री साडेदहाला पूर्ण ताकदीने धावा. खाली कोण राहते ते तुम्हांला माहीत नसले, तरी त्या वर येतील. त्यांना आत बोलवा, चहा टाका आणि कडे हातात द्या.