लक्ष्मीवर कोणी बसतं का?

दिवाळीच्या तोंडावर केदारखेड्याला आत्याकडे गेलो होतो. जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाणाऱ्या रस्त्यावरचं, पूर्णेच्या काठचं हे गाव. ओसरीत कापसाचा ढीग, अंगणात वाळत घातलेली मक्याची कणसं आणि उंबऱ्याशी लक्ष्मीपूजनासाठी आणलेली कोरी केरसुणी. तेवढ्यात भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती इंग्लंडात, लीड्सला शिकते. आत्याने सवयीने "जेवली का?" विचारलं आणि भाचीने सवयीने, न जेवताच, "हो" म्हटलं. मग ती म्हणाली, "आजी, आमच्या घरात एक नवी मुलगी राहायला आलीये. ती चेटकीण आहे."

आत्याने फोन कानाला लावला. व्हिडिओ कॉल असला तरी गंभीर विषय निघाला की ती फोन कानालाच लावते. त्यामुळे पुढचा सगळा धर्मसंवाद भाचीने आत्याच्या कानातल्या कुडीकडे बघत केला.

"कोण म्हणतं तिला चेटकीण?"

"तीच म्हणते. विक्का नावाचा धर्म पाळते ती."

"आपली आपण सांगते?" आत्याने माझ्याकडे पाहिलं. जगात बरंच काही बदललेलं तिला मान्य आहे, पण हे जरा जास्तच होतं. थोडा वेळ विचार करून तिने पहिला प्रश्न टाकला. नातवंडांबरोबर टीव्ही पाहिल्याचा तो परिणाम होता. "मंग ती झाडूवर बसून उडते का?"

"नाही गं आजी. बसने जाते. पण झाडू आहे तिच्याकडे. पूजेच्या आधी त्याने जागा झाडून घेते. कचरा नसला तरी झाडते, वाईट काही असेल तर निघून जावं म्हणून."

"असं सांग ना मंग," आत्याचा जीव खाली पडला. "लक्ष्मीवर कोणी बसतं का?"

आत्याच्या घरात केरसुणीला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा असतो. दिवेलागणीनंतर झाडायचं नाही, केरसुणी उभी ठेवायची नाही आणि दिवाळीला तिला हळदकुंकू वाहिल्याशिवाय पहिला केर काढायचा नाही. एखाद्या परक्या माणसाने हे सगळं वहीत टिपून नेलं, तर त्याच्या गावी तो काय सांगेल? 'तिथल्या बायका झाडूची पूजा करतात' एवढंच. वाक्य खरं आहे, आणि तरी त्यातून आत्याबद्दल काहीच कळत नाही. विक्काविषयीचे बहुतेक गैरसमज मला याच जातीचे वाटतात.

दुसरा प्रश्न मी विचारला, कारण तो सुशिक्षितांचा प्रश्न आहे. "हे लोक सैतानाची पूजा करतात ना?"

भाची म्हणाली, त्या मुलीला हा प्रश्न आठवड्यातून दोनदा विचारतात. सैतान ख्रिस्ती धर्मातला. ज्यांनी तो धर्मच घेतला नाही, ते त्यातला सैतान तेवढा कशाला उसना आणतील? त्यांच्याकडे एक देवी असते आणि एक देव. देवी चंद्राची, देव रानाचा. फक्त त्या देवाला शिंगं असतात, म्हणून पाहणाऱ्याचा घोटाळा होतो.

"शिंगांचं काय एवढं?" आत्या म्हणाली. "पोळ्याला आपण कोणाच्या पाया पडतो?"

मला उत्तर सुचलं नाही. श्रावणी अमावास्येला याच अंगणात बैलांची शिंगं रंगवून, त्यांना बेगड लावून, पुरणपोळी खाऊ घालून मी वाकून नमस्कार केलेला आहे. त्या क्षणी एखाद्या पाद्रीबुवांनी फोटो काढला असता, तर माझीही गणना कुठे झाली असती कोणास ठाऊक.

मग त्या मुलीच्या गळ्यातल्या पाच टोकांच्या चांदणीचं निघालं. सिनेमावाल्यांनी ती चांदणी भुताखेतांच्या खात्यात टाकून ठेवली आहे. विक्का मानणारे मात्र तिची टोकं मोजतात ती पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि पाचवं आत्मतत्त्व अशी. आपल्या पंचमहाभूतांत पाचव्या जागी आकाश आहे. चार जागांवर एकमत आणि एका जागेवर वाद, इतकी एकवाक्यता आमच्या भावकीतही नाही.

पौर्णिमेला ते जमतात, हे ऐकून आत्या प्रसन्न झाली. ती स्वतः संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहते आणि ढगाळ हवेत पंचांगातली वेळ बघूनच ताट वाढून घेते. अंगारकीला जालन्याहून माणसांचे लोंढे रात्रभर पायी चालत राजूरच्या गणपतीला जातात, तेव्हा चंद्रावर भरवसा ठेवणाऱ्यांचं तिला नवल वाटायचं कारणच नव्हतं. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांचा साविन नावाचा सण येतो आणि त्या रात्री गेलेल्या माणसांसाठी ताट वाढून ठेवतात, हे कळल्यावर तिने फक्त एवढंच विचारलं, "कावळ्याला टाकतात का?" तिच्या दृष्टीने पितृपाठाला एक महिना उशीर झाला होता, बाकी सगळं ठीक होतं. लग्नात नवरानवरीचे हात दोरीने बांधतात, हेही तिने सहज पचवलं. "गाठ मारतात म्हणजे. आपण उपरण्याला मारतो."

एक प्रश्न तिने विचारला नाही आणि आम्हीही तिला उत्तर दिलं नाही. या पंथाच्या जुन्या मंडळींत विधी अंगावर कपडे न ठेवता करायची रीत होती. पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर हे उन्हातान्हात उघड्या अंगाने राहण्याचे पुरस्कर्ते होते. इंग्लंडच्या हवेत असा नियम पाळणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका घ्यावीशी वाटत नाही.

हे गार्डनर म्हणजे मलायात ब्रिटिश सरकारच्या जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर आपल्याकडे माणसं ज्येष्ठ नागरिक संघ काढतात, त्यांनी धर्म काढला. इंग्लंडात 1735 सालचा चेटूकविषयक कायदा 1951 मध्ये रद्द झाला आणि 1954 मध्ये गार्डनरांचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आलं. आपल्याला एका लपूनछपून टिकलेल्या पुरातन मंडळीने दीक्षा दिली, असं ते सांगत. रोनाल्ड हटनसारख्या इतिहासकारांनी कागदपत्रं चाळून दाखवलं, की हा धर्म विसाव्या शतकातच घडला आहे. जुन्या लोककथा, गुप्त मंडळांचे विधी आणि गार्डनरांची हौस यांची ती गोधडी आहे.

"म्हंजे माझ्यापेक्षा लहान की!" आत्या म्हणाली. तिचा जन्म रझाकारांच्या धामधुमीतला, म्हणजे सप्टेंबर 1948 च्या पोलीस ॲक्शनच्या आधीचा. "मंग जुना जुना म्हणून काहून सांगतात?"

यात मला इंग्रजांना दोष द्यावासा वाटला नाही. आपल्याकडे सिमेंट ओलं असलेल्या देवळाच्या कमानीवरही 'पांडवकालीन' लिहितात. धर्माला वय चढवून सांगायची खोड सगळीकडे सारखीच. आणि गोधडी नवी शिवलेली असली तरी तिच्यातले तुकडे आजीच्या लुगड्याचे असू शकतात. ऊब कुठल्या तुकड्याची, हे पांघरणाऱ्याला कोणी विचारत नाही.

शेवटी मुद्द्याचा प्रश्न आला. आत्याने आवाज उतरवला. "करणी करते का गं ती?"

भाचीने त्यांचे नियम सांगितले. कोणाचं वाईट करायचं नाही, हा त्यांचा पहिला दंडक. आणि केलंच, तर ते करणाऱ्यावर तिपटीने उलटतं, असं त्यांच्यातले बरेच जण मानतात.

"तिप्पट? व्याज लई आहे." आत्याच्या हिशेबी करावं तसं भरावं, एकास एक. "मंग करते तरी काय?"

"मेणबत्ती लावते, वाळवलेला पाला जाळते, काहीतरी पुटपुटते. परीक्षा होती तेव्हा माझ्यासाठी पण केलं होतं."

"ते तर दृष्ट काढणं झालं. त्यात जादू कुठं आली?"

इथे रेंज गेली. केदारखेड्यात रेंज नेहमी तत्त्वज्ञानाच्या ऐन भरात जाते.

फोन ठेवून आत्या चहा टाकायला गेली आणि मी ओट्यावर बसून, विक्का मानणारे स्वतःला लावतात त्या 'पेगन' या शब्दाचा विचार करत राहिलो. गैरख्रिस्ती, देवदेवता मानणारा, असा त्याचा आजचा अर्थ. लॅटिनमधल्या 'पागानुस'चा साधा अर्थ मात्र खेड्यातला माणूस. खेडवळ. नवा धर्म आधी शहरांत रुजला, खेड्यातली माणसं आपल्या जुन्या देवांना धरून राहिली, आणि खेडवळ हीच शिवी पुढे धर्माचं नाव झाली, अशी या शब्दाची कथा सांगतात. संस्कृतात केदार म्हणजे शेत. म्हणजे मी ज्या गावच्या ओट्यावर बसलो होतो त्याच्या नावात शेतही होतं आणि खेडंही. पेगन म्हणवून घ्यायला आणखी काय लागतं?

त्यात या मुलखाची आणि रोमनांची ओळखही जुनी आहे. शेजारचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. 1970 च्या दशकात तिथे उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तशीच मूर्ती 1938 मध्ये इटलीत, इसवी सन 79 साली ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत मिळाली होती. ती मूर्ती भोकरदनच्या बाजूनेच तिकडे गेली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. म्हणजे रोम अजून खेडवळ देवांना मानत होता, तेव्हा इकडची एखादी यक्षी तिथल्या घरात उभी होती. तिला कोणी व्हिसा मागितला नसावा.

आजही इथून माल जातोच. याच तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची गाड्या भरभरून बाहेर पडते. त्यातली बरीचशी फोडणीत जाते. थोडी मात्र शनिवारी लिंबाखाली सात-सात करून ओवली जाते आणि ट्रकच्या बंपरला, दुकानाच्या दाराला, एखाद्या संगणक कंपनीच्या चकचकीत काचेवरही लोंबकळते. आम्ही याला चेटूक म्हणत नाही. पद्धत म्हणतो. आपलं ते पद्धत आणि दुसऱ्याचं ते चेटूक, एवढा साधा हा शब्दकोश आहे.

इथवर हसत आलो आणि थांबलो, कारण आमच्या गल्लीतलं एक दार आठवलं.

हे आमच्या गावचं, म्हणजे आत्याच्या माहेरचं. एक बाई एकटी राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, दोन एकराचा तुकडा नावावर. कोणाची म्हैस आटली, कोणाचं लेकरू रात्रभर रडलं, की तिचं नाव निघायचं. मोठी माणसं समोर काही बोलत नसत. खरं तर काहीच बोलत नसत, हीच तिची शिक्षा होती. आम्ही पोरं तिच्या दारावरून श्वास रोखून पळायचो. तिने कधी कोणाला काही केल्याचं मला आठवत नाही. मी पळाल्याचं तेवढं आठवतं.

म्हैस आटण्याचा आरोप फार दूरवर पसरलेला आहे. युरोपात दुसऱ्याच्या गाईचं दूध पळवलं म्हणून बायकांवर खटले चालले. तिथे तीनेक शतकांत चाळीस ते पन्नास हजार माणसं चेटकाच्या आरोपाखाली मारली गेली, त्यात बहुसंख्य बायका. अमेरिकेतल्या सेलममध्ये 1692 साली 19 जणांना फाशी दिलं. आणि आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची वाचली तर तिथेही ती गाय उभी आहे. अमुक माणूस करणी करतो, भूत लावतो, मंत्रतंत्राने दुभत्या जनावराचं दूध आटवतो, असं सांगून त्याच्याविषयी संशय पसरवणं हा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिन्यांपासून 7 वर्षांपर्यंत, दंड 5 हजारांपासून 50 हजारांपर्यंत. हा कायदा यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, मग काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. लीड्समधल्या मुलीने मेणबत्ती लावण्याला त्याची हरकत नाही. तो आमच्या गल्लीतल्या त्या दारासाठी आहे, आणि सातपुड्यात अजूनही ज्यांना डाकीण ठरवलं जातं त्या बायकांसाठी.

आत्या चहा घेऊन आली. मी तिला त्या बाईबद्दल विचारलं. तिने कपातला चहा बशीत ओतला, पण प्यायली नाही.

"माझ्या लग्नाला नाही बोलावलं तिला कोणी," ती म्हणाली. "तरी आली. दारामागून अक्षता टाकून गेली. मी पाहिलं होतं."

पुढे काही बोलली नाही. फोन पुन्हा वाजला. भाची होती, रेंज परत आली होती, आणि शेजारी सोनेरी केसांची ती मुलगीही बसली होती. नमस्कार करायला तिला नुकतंच शिकवलेलं दिसत होतं, हात जरा वरच गेले. आत्याने या वेळी फोन समोर धरला. चष्मा सारखा करून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग भाचीला म्हणाली, "हिला एक विचार. हिची माय बोलते का हिच्याशी?"

भाची गोंधळली. एवढ्या प्रश्नांत हा कुठून आला, तिला कळेना. पण तिने विचारलं. मुलगी हसली, काहीतरी बोलली.

"रोज बोलते म्हणते. आत्ताच फोन येऊन गेला. जेवलीस का म्हणून विचारत होती."

"बोलते ना?" आत्याने बशी उचलली. "मंग चेटकीण कशाची?"