निकाल लांबला, प्रभाग सुधारला

नगरसेवक कामाचा केव्हा असतो, या प्रश्नाचं उत्तर भंडारा जिल्ह्याने डिसेंबर 2025 मध्ये शोधून काढलं आहे. मतदानाआधी तो हात जोडतो, निवडून आला की हात वर करतो. कामाचा असतो तो फक्त मधल्या काळात, म्हणजे मत पडलेलं असतं पण मोजलेलं नसतं तेव्हा. एरवी हा काळ एका रात्रीत सरतो. आमच्या नशिबी तो 19 दिवसांचा आला.

जिल्ह्यात नगरपरिषदा चार: भंडारा, तुमसर, पवनी, साकोली. आमची त्यातली एक. कोणती ते सांगत नाही, म्हणजे चारही गावांना ती आपलीच वाटेल. याआधीचं मतदान डिसेंबर 2016 मध्ये झालं होतं. मग मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि नगरपरिषदेत प्रशासक बसले. या सगळ्या वर्षांत आमच्या प्रभागातले भाऊ तेवढे उभेच होते. त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘भावी नगरसेवक’ इतक्या वेळा छापलं गेलं की फ्लेक्सवाल्याने ते टाइप करणंही सोडलं. फक्त फोटो बदलायचा. पुढे भाऊंनी जुनाच फोटो चालू द्या म्हणून सांगितलं, कारण त्यात केस जास्त होते.

आणि आरक्षणाच्या सोडतीत जागा महिलेसाठी निघाली.

भाऊ एक दिवस घराबाहेर पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. त्यावर वहिनींचा फोटो आधार कार्डावरचा, आणि शेजारी भाऊ डोक्यापासून चपलांपर्यंत.

‘‘मले काय करा लागते?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘काही नाही. सही.’’

कागदपत्रांची अडचण नव्हती. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालेल्याला आपल्याकडे ही निवडणूक लढवता येत नाही. भाऊंना मुलं दोनच. त्यांच्या राजकीय दूरदृष्टीचा एवढा एकच पुरावा उपलब्ध आहे. पक्षाचा एबी फॉर्म मात्र शेवटच्या दिवशी भलत्याच घरी पोचला, आणि वहिनी अपक्ष झाल्या. चिन्ह मिळालं शिट्टी. भाऊ खूश! ‘‘घरोघरी कुकर आहे. कुकर बोलला की आपला प्रचार झाला.’’

जाहीरनाम्यात पहिलंच आश्वासन होतं, वैनगंगेचं शुद्ध पाणी. आता नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान येऊन मिळते वैनगंगेला. म्हणजे हे आश्वासन पाळायचं तर भाऊंना आधी नागपूर महापालिका जिंकावी लागेल. पण प्रचारात भूगोल कोण विचारतो?

2 डिसेंबरला मतदान झालं. 3 तारखेसाठी डीजे ठरला होता, गुलालाची पोती आली होती. पण काही ठिकाणचं मतदान 20 तारखेवर गेलेलं होतं. इथल्या निकालाचा तिथे परिणाम नको म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मतदानाच्या दिवशीच आदेश दिला: सगळीकडची मोजणी एकदम, 21 डिसेंबरला. मशीन सीलबंद होऊन स्ट्राँगरूममध्ये गेल्या. भाऊ बाहेर राहिले.

आणि प्रभागाचे दिवस पालटले. भाऊंना कोणी मत दिलं ते कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे भेटेल तो माणूस एकाच वेळी उपकारकर्ताही होता आणि गद्दारही. अशा माणसाशी गोडच बोलावं लागतं. दुसरीकडे जनताही हुशार. ‘‘भाऊ, मत तर शिट्टीलेच देल्लं, पण गल्लीतला लाइट काही लागत नाही गा.’’ संध्याकाळी लाइट लागायचा. तुंबलेली नाली उपसली गेली. कचऱ्याची गाडी दारासमोर थांबू लागली. पूर्वी ती फक्त गाणं ऐकवून जायची. ‘मत तुम्हालाच दिलं’ असं सांगणाऱ्यांची बेरीज भाऊंच्या मुलाने वहीत मांडली. ती प्रभागाच्या मतदार यादीपेक्षा जास्त भरली.

20 तारखेचं मतदान संपेपर्यंत एक्झिट पोलवर बंदी होती, पण ती पानठेल्याला लागू नव्हती. तिथे खर्रा घोटता घोटता बूथवार आकडे निघत. सकाळी वहिनी दोनशेने पुढे असायच्या. खर्रा उधार मिळाला नाही की दुपारी तेवढ्याच मागे जायच्या.

भाऊंची झोप उडाली. तर्री पोह्याच्या गाडीवर निवृत्त गुरुजींनी धीर दिला, ‘‘घाबरू नका. 1954 च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने खुद्द बाबासाहेबांना लोकसभेत पाठवलं नाही. इथे पडणं कमीपणाचं नाही.’’ भाऊंना दोन दिवस फार बरं वाटलं. पण बाबासाहेब पडले ते संविधान लिहून झाल्यावर, हे तिसऱ्या दिवशी कोणीतरी लक्षात आणून दिलं. भाऊंच्या हातून आजवर लिहून झालेलं एकमेव पुस्तक म्हणजे गणेश मंडळाचं पावतीपुस्तक.

या सगळ्यात शांत होत्या त्या वहिनी. लोकांचे फोन त्या स्वतः घेत, तक्रार वहीत लिहीत, काम झालं की खूण करीत. तिसऱ्या आठवड्यात लोक भाऊंना वगळून थेट वहिनींना विचारू लागले. निवडणुकीत खरा उमेदवार कोण, हे प्रभागाला मतदान होऊन गेल्यावर कळलं.

21 तारखेला निकाल लागला. काय लागला ते सांगत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. जिंकले असते तर 22 तारखेला सत्कारामुळे फोन लागला नसता, हरले असते तर संतापामुळे. फोन लागला नाही, एवढं खरं. वहिनींची वही भाऊंनी कपाटात ठेवली. आठवडाभरात गल्लीतला लाइटही गेला.

म्हणून राज्य निवडणूक आयोगाला आमच्या प्रभागाची नम्र विनंती आहे. मतदान वेळेवर घ्या, मशीन सील करा, आणि मोजणी पाच वर्षांनी ठेवा. तोवर सगळ्याच उमेदवारांना कामाला लागू द्या. मशीन सांभाळायला खर्च येत असेल तर तो घरपट्टीत लावा. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही ती वेळेवर भरू.