सहमत, असहमत आणि नव्वद दिवस

हातात फॉर्मचा गठ्ठा घेतलेलं माणूस भिवंडीच्या एखाद्या मोहल्ल्यात शिरलं, की त्यानं तोंड उघडण्याआधी त्यालाच प्रश्न येतो, ‘कुठून आलात?’ शांतीनगर असो, पद्मानगर असो, नाहीतर कामतघर. या चौकशीला अर्थ असतो. पाहुणा महापालिकेचा असेल तर नळ कोरडे आहेत, बँकेचा असेल तर धंदा झकास आहे, आणि रेशनचा असेल तर घरात खाणारी तोंडं किती हे जरा आठवून सांगावं लागतं. ‘आम्ही नुसतं मत जाणून घ्यायला आलोय’ असं तो म्हणाला, तर त्याच्यासाठी चहा सांगायचा आणि तो म्हणेल त्याला मान डोलवायची. उन्हातान्हात आलेल्या पोराला ‘पूर्ण असहमत’ कसं म्हणायचं?

समाजशास्त्राच्या पुस्तकांत या मान डोलवण्याला एक रोग मानतात आणि त्यावर औषधही देतात. विधानं उलटसुलट पेरायची. तिसऱ्या क्रमांकावर ‘आमच्याकडे पाणी वेळेवर येते’ आणि अठराव्यावर ‘आमच्याकडे पाणी वेळेवर येत नाही’. दोन्हींना ‘सहमत’ म्हणणारा सापडला, की त्याचा फॉर्म बाजूला. आता ज्याच्या गल्लीत पाणी एक दिवसाआड येतं, त्यानं दोन्हींना हो म्हटलं तर त्यात खोटं काय आहे? माझ्या मते अख्ख्या सर्वेक्षणात तेवढाच एक फॉर्म काळजीपूर्वक भरलेला असतो.

‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच घरांच्या पट्टीचा जनक रेन्सिस लिकर्ट. १९३२ साली त्यानं ती मांडली. त्याच्याआधी थर्स्टन नावाच्या विद्वानाची पद्धत होती. त्यात आधी पंच बसवायचे, त्यांनी ढीगभर विधानं वाचून अनुकूल-प्रतिकूल अशा अकरा गठ्ठ्यांत लावायची आणि मग कुठे लोकांकडे जायचं. लिकर्टनं पंचांना घरी पाठवलं. तेव्हापासून घरं पाच असावीत की सात, आणि मधलं ‘तटस्थ’ घर ठेवावं की काढावं, यावर विद्वानांचं भांडण चालू आहे. मधलं घर काढलं की माणसाला बाजू घ्यावीच लागते, असा एका पक्षाचा विश्वास. आपला माणूस अशा वेळी दोन घरांमधल्या रेघेवर बरोबर खूण करतो.

पट्टीचं आपल्याला वावडं आहे असं मात्र नाही. महसूल खात्याची आणेवारी ही पट्टीच की! आणे चलनातून गेले, तिची पैसेवारी झाली, तरी गावात शब्द जुनाच चालतो. पीक पन्नास पैशांच्या आत की वर, यावर टंचाईच्या सवलती ठरतात, म्हणून त्या आकड्यावर गाव तावातावानं बोलतं. तिथे कुणी तटस्थ नसतं. आकड्यानं काहीतरी मिळणार किंवा जाणार असलं, की माणूस घर निवडतो.

आता जरा अवघड पट्टी. १९२५ च्या सुमारास बोगार्डस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं ‘सामाजिक अंतर’ मोजायला घेतलं. अमुक जमातीचा माणूस जावई म्हणून चालेल का? मित्र म्हणून? शेजारी, सहकारी, देशबांधव म्हणून? की देशातच नको? १९७० आणि १९८४ च्या हिंदू-मुस्लिम दंगली पाहिलेल्या भिवंडीत ही यादी फिरवली असती तर काय खुणा आल्या असत्या, ते सांगायला विद्वान नको. पण १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपड्यांनी मत विचारलंच नाही. त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या आणि दोन्ही समाजांच्या लोकांना गल्लीतल्या बारीकसारीक तक्रारींसाठी शेजारी शेजारी बसवलं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. लापिएर नावाच्या अमेरिकनाची गोष्ट याला जुळणारी आहे. एका चिनी जोडप्याबरोबर तो देशभर हिंडला. अडीचशेवर हॉटेलं-खानावळींपैकी एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर पत्रानं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी ‘चिनी माणूस चालणार नाही’ असं कळवलं. हे त्यानं १९३४ साली छापलं, तरी फॉर्म छापणाऱ्यांचा उत्साह कमी झाला नाही.

भिवंडीत अंतर मोजायचंच असेल तर यंत्रमागाच्या धंद्यात मोजावं. इथे सूत विकणारा एका समाजाचा, मागवाला दुसऱ्याचा, कारीगर उत्तरेकडून आलेला आणि ग्रे कापडाचे ताके उचलणारा व्यापारी चौथाच. यांना ‘परस्परांविषयी आपले मत’ विचारू नये. एवढंच विचारावं, ‘या पार्टीला सूत किती दिवसांच्या उधारीवर द्याल?’ पाच घरं आपोआप पडतात : आगाऊ पैसे, रोख, पंधरा दिवस, तीस दिवस, नव्वद दिवस. आडनाव, टोपी, टिळा सगळं पाहूनही जो नव्वद सांगतो, त्याच्याकडे ‘पूर्ण सहमत’वाला फॉर्म न्यायची गरज नाही.

या उधारीच्या पट्टीत एक खोट आहे, ती सांगतो. बोगार्डसच्या यादीत सगळ्यात जवळचा तो जावई. सुताच्या बाजारात जावयाला रोखीच्या वर कुणी चढवणार नाही, कारण त्याच्याकडे वसुलीला माणूस पाठवता येत नाही. म्हणजे नातेवाइकांचे आकडे वेगळे काढावे लागतील.

दुसरी अडचण ‘बघू पुढच्या आठवड्यात’ या उत्तराची. विद्यापीठातल्या माणसानं ते बिनदिक्कत ‘तटस्थ’मध्ये घातलं असतं. मी ते पहिल्या घरात, आगाऊ पैशांत, टाकलं असतं. बाजारातला कुठलाही सूतदलाल सांगेल, की त्यासाठी आगाऊच्याही अलीकडे आणखी एक घर आखावं लागेल.