फोटोत अण्णा कुठे आहेत?

जबलपूरच्या मराठी माणसाचा फोटो पाहायचा म्हणजे आधी भेडाघाटचा धुवांधार धबधबा पाहावा लागतो. मग रेलिंग. मग रेलिंगला टेकलेली पुण्याची पाहुणेमंडळी. आणि त्यांच्याही मागे मसुराच्या डाळीएवढं जे काही दिसतं, ते आमचे अण्णा. पाहुणा आला की त्याला भेडाघाटला न्यायचं, हा शहराचा अलिखित कायदा आहे. राज कपूरने १९६०च्या ‘जिस देश में गंगा बहती है’साठी इथे शूटिंग केलं, ते नावाडी आजही सांगतात आणि आम्ही आजही तिथलेच फोटो काढतो. घराघरांत संगमरवरी कड्यांचे इतके फोटो साठलेत, की त्यांवरून कडे नव्याने घडवता येतील. अण्णांचं नाक कसं आहे, याला मात्र कागदोपत्री पुरावा नाही.

हा पुरावा एकदाच लागतो आणि तोही तातडीने. पेपरात श्रद्धांजलीची जाहिरात द्यायची असते, रात्रीच्या आत फोटो पोचवायचा असतो आणि घरात ‘एकट्याचा’ फोटो मिळत नाही. अल्बम उपसले जातात. धाकट्याच्या लग्नातला ग्रुप फोटो सापडतो आणि त्यातून चेहरा कापून घेतात. सकाळी गेलेला माणूस पेपरात येतो तो फेटा बांधून, खांद्यावर कुणाचा तरी अर्धा पंजा घेऊन, तोंडात बहुधा जिलबी. खाली ‘शोकाकुल परिवार’.

या बाबतीत खरे नशीबवान म्हणजे फॅक्टरीवाले. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची; पुढे खमरियाची फॅक्टरी आली, व्हेईकल फॅक्टरी आली. त्यांत नोकरीला लागलेल्यांचा गेटपाससाठी फोटो निघाला. चेहरा समोर, मागे कोरी भिंत, फ्रेममध्ये एकही नातेवाईक नाही. व्यक्तिचित्राचे सगळे नियम आमच्याकडे पाळले ते सिक्युरिटी खात्याने. कित्येक घरांत भिंतीवर हार घालून लावलेली तसबीर म्हणजे त्याच पासातला फोटो मोठा करून घेतलेला असतो, नीट पाहिलं तर गोल शिक्क्याची कडही दिसते.

घरच्या घरी चांगला फोटो काढणं सोपं आहे, असं जाणकार सांगतात. त्यांच्या घरी बहुधा माणसं नसावीत. खिडकीशी खुर्ची ठेवा, ट्यूबलाइट बंद करा, मोबाईल चार-पाच फूट लांब धरा. फार जवळून काढला तर नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. तो दोष कॅमेऱ्याचा नाही, अंतराचा. शास्त्र एवढंच. पण ट्यूबलाइट बंद केली की आजी विचारते, “दिवसाढवळ्या अंधार कशाला? सुतक आहे का?” शेजारचा पोरगा दारातून अस्सल जबलपुरी बोलीत ओरडतो, “काय बड्डे, लाइट चली गई का?” ट्यूबलाइट लावून ठेवली, तर एक गाल खिडकीच्या उजेडातला आणि दुसरा हिरवट.

तोवर अण्णा तयार होतात. रोजचा स्वेटर, ज्यात ते अण्णांसारखे दिसतात, तो उतरतो आणि इस्त्रीचा शर्ट चढतो. खिशातून कंगवा निघतो. केस चापून बसवले जातात, मुठी शिवणीला लागतात, श्वास थांबतो. समोर नातू नसून ड्यूटी लावणारा फोरमन आहे, असं वाटावं.

“अण्णा, जरा हसा ना.”

“कशाला?”

या प्रश्नाला छायाचित्रणकलेकडे उत्तर नाही.

बायकांची तऱ्हा वेगळी. त्यांना फोटोला बसवणं पूर्वीही सोपं नव्हतं. राजा दीनदयाळ मूळचे इंदूरच्या बांधकाम खात्यातले नोकर. पुढे निजामाचे फोटोग्राफर झाले. त्यांनी हैदराबादेत १८९२ साली खास पडदानशीन स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तिथे फोटो काढायला एक इंग्रज बाई नेमली. एवढ्या बंदोबस्तात बेगमा बसल्या. आमच्या वहिनींना पडदा नाही, तरी त्या बसत नाहीत. आधी साडी, मग नथ, मग “मागचं ते कपाट झाका”. कपाटावर बॅगा, बॅगांवर गाद्या. गाद्या हलवायला माणूस मिळेपर्यंत खिडकीतलं ऊन राइट टाउन ओलांडून गेलेलं असतं. यावर पुतण्या पोर्ट्रेट मोडचा उपाय काढतो. मोबाईल कपाट पुसतो, सोबत वहिनींचा अंबाडा आणि चष्म्याची एक काडीही पुसतो. वहिनी खूश. कपाट दिसत नाही ना!

एवढं होऊनही एकदा चांगला फोटो निघालाच. अण्णा पेपर वाचता वाचता कुणाच्या तरी हाकेला मान वर करून बघत होते. अंगात स्वेटर, एका बाजूने खिडकीचा उजेड, कपाळावरची आठी अन् आठी मोजता येईल असा. पुतण्याने कौतुकाने तो फॅमिली ग्रुपवर टाकला.

पहिला फोन नागपूरहून आला. “अण्णा वाळले का रे?” पुण्याच्या आत्या रडत होत्या. बंगळुरूच्या धाकट्याने सुट्टी मिळते का ते पाहिलं. कुणालाच अण्णा एवढ्या जवळून बघायची सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासलं, नंतर ईसीजी झाला, छातीचा एक्स-रे झाला. सगळं नॉर्मल.

म्हणजे दोष फोटोचा. वहिनींनी तो सगळ्यांना डिलीट करायला लावला आणि ग्रुपवर खुलासा म्हणून अण्णांचा जुना, ठणठणीत फोटो टाकला. लग्नातला, व्याह्यांचा हात खांद्यावर असलेला.