प्रेशर काका

भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही प्रेस शॉपमध्ये जा, हे काका भेटतातच. खिशाला टेस्टर, कानामागे खडू आणि जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच प्रश्न: "एरिया किती?"

बसमध्ये कुणी पायावर पाय दिला की आपण ओरडतो. काका हिशेब मांडतात. "साठ किलोचा गडी, टाच धरा वीस चौरस सेंटिमीटर. तीन किलो प्रेशर! अहो, या बसच्या टायरात याच्या दुपटीहून जास्त हवा असते." पाय देणारा पुढच्याच स्टॉपला मुकाट उतरतो.

त्यांचा किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला किलो. जुनी गेजं तेच दाखवतात. पण 2009 साली चाकणला फोक्सवॅगन आली, इकडे शॉपमध्येही देशोदेशीची मशिनं शिरली, आणि बार, पीएसआय, मेगापास्कल अशी सगळी मंडळी एका छपराखाली नांदू लागली. काकांची चंगळ झाली.

परवा नव्या डिप्लोमावाल्या पोरानं ड्रॉइंगवर 'वीस' वाचलं आणि गेज विसावर लावून मोकळा झाला. ड्रॉइंग मेगापास्कलचं, गेज किलोचं. पत्रा वाकेना. प्रेस त्याला नुसती कुरवाळत होती. काका आले, बसले आणि बेडवर खडू चालू झाला. सिलिंडरचा बोअर 250 मिलिमीटर, एरिया 491 चौरस सेंटिमीटर.

"तू दिलेस वीस किलो. टन किती झाले?"

"दहा."

"एक मेगापास्कल म्हणजे 10.2 किलो. मग पाहिजेत किती? 204. आता गुण."

"शंभर टन…"

"आणि प्रेसच्या कपाळावर काय लिहिलंय?"

तेच लिहिलं होतं, हातभर अक्षरांत.

घरी याच विद्येनं घात केला. कुकरच्या शिट्टीचं वजन भागिले खालच्या भोकाचा एरिया, बरोबर एक किलो यायला हवं, म्हणून शिट्टी खिशात घालून काका सोनाराकडे तोलायला गेले. सोनारानं तोलली. उत्तरही जुळलं. पण तोवर घरी पाहुणे ताटावर बसले होते आणि डाळ कच्ची होती. काकूंनी त्या दिवशी किती प्रेशर दिलं, ते काका कुठल्याच युनिटमध्ये सांगत नाहीत.

तुमची प्रेस दाब धरत नसेल तर बेलाशक त्यांना बोलवा. चहा शॉपमध्येच पाजा. स्वयंपाकघरात नेऊ नका.