फोल्डरअण्णा

बेळगावच्या टिळकवाडीत, शहापुरात, नाहीतर निपाणीच्या एखाद्या गल्लीत फोल्डरअण्णा हमखास भेटतात. "काल भीमसेनांचा मालकंस ऐकला," असं कुणी म्हणालं, की ते आधी विचारणार, "एमपीथ्री की फ्लॅक?" एमपीथ्री म्हणालात, तर भातात खडा लागल्यागत तोंड करणार.

नोकरीतून मोकळे झाल्यावर अण्णांनी घरातल्या सगळ्या कॅसेटी एकेक करून संगणकात उतरवल्या. आता यंत्रं तीन. स्वतःचं विंडोज, पुण्याच्या लेकानं नवा घेतल्यावर धाडून दिलेला जुना मॅक, आणि "टाकू नका, लिनक्स घालतो" म्हणत भाच्यानं जिवंत केलेला तिसरा. संग्रहाची डिस्क मात्र एकच. ती कुंद्याच्या रिकाम्या डब्यात, रुमालात गुंडाळून असते.

तिच्यातला सर्वांत मोठा फोल्डर 'आपली माणसं'. भीमसेन गदगचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, कुमार गंधर्व तर 1924 साली इथं सुळेभावीतच जन्मलेले. अभंगाशेजारी दासवाणी, नाट्यपदाशेजारी वचन. "भीमसेन मराठीत घालायचे की कन्नडमध्ये?" असं विचारणाऱ्याला त्या घरात चहा मिळत नाही. अण्णा स्वतः भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करतात आणि पिशवी उचलताना मराठीत कुरकुरतात. त्यांना दोन भाषांचा त्रास कधी झाला नाही. त्रास झाला तो तीन यंत्रांचा.

डिस्क विंडोजच्या पद्धतीची, म्हणजे एनटीएफएस. मॅक तिच्यावरचं वाचतो, पण तिच्यावर लिहायला साफ नकार देतो. लिनक्सवर अण्णांनी हौसेनं नावापुढं प्रश्नचिन्ह घातलं, 'भूप की देशकार?'. विंडोजला फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, त्यामुळं कॉपी तिथंच अडली. इंग्रजीत भीमसेनांचा 'बी' एकदा मोठा नि एकदा लहान पडला, तर लिनक्सनं दोन निराळे भीमसेन केले. विंडोजवर जपून केलेली गाण्यांची यादी मॅकवर उघडली, तर ती डी ड्राइव्ह शोधत बसली. मॅकवर डी ड्राइव्ह असतोच कुठं?

परवा निपाणीचे दोस्त पेनड्राइव्ह घेऊन आले. "अण्णा, त्या मैफलीचा व्हिडिओ तेवढा द्या की." पेनड्राइव्ह निघाला एफएटी-32 चा. त्यात 4 जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही, मग बाकी कितीही जागा मोकळी असो. अण्णांनी चष्मा पुसला, फाइलचे तुकडे करायला घेतले. रात्रीचे साडेदहा झाले. दोस्त म्हणाले, "निदान एखादं गाणं तरी लावा." अण्णा म्हणाले, "थांबा की जरा, कॉपी व्हालीया."

एवढ्यात स्वयंपाकघरात काकूंनी धारवाड आकाशवाणी लावली. तिथं मालकंस चालू होता. दोस्त उठून आत जाऊन बसले. अण्णाही गेले, पण दर दोन मिनिटांनी टक्केवारी बघायला बाहेर येत राहिले.

तेव्हा तुमच्या ओळखीच्या अण्णांकडं गाणी मागायला जाणार असाल, तर पेनड्राइव्ह रिकामा असतानाच एक्सफॅट करून न्या. तो तिन्ही यंत्रांना चालतो. फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह घालू नका. आणि गाणं ऐकायचंच असेल, तर सरळ काकूंना विचारा.