दाण्याचे गोत्र

विवाहमंडळाच्या आणि सीमाशुल्काच्या कचेरीत एक साम्य असे आहे की, समोर आलेला इसम अथवा जिन्नस गुणाने कसा आहे याची चौकशी तेथे मागाहून होते, आणि त्याचे गोत्र कोणते याची अगोदर. न्हावा-शेवा बंदरात पंचवीस-पंचवीस किलोच्या गोण्यांत भरून जो प्लास्टिकचा दाणा उतरतो, आणि ज्यापासून पुढे आपल्या बादल्या, नळ, दुधाच्या पिशव्या व लोकप्रतिनिधींचे वाढदिवस सिद्ध होतात, तो दिसायला साबुदाण्याचा सख्खा भाऊ. मुठीत घ्यावा तर बोटांच्या फटींतून निसटणारा, निरुपद्रवी आणि शेजारच्या गोणीतील दाण्याहून नुसत्या डोळ्यांनी निराळा न ओळखता येणारा. परंतु १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमातील एकोणचाळिसाव्या प्रकरणाच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताच या निर्गुण निराकार दाण्यास कुळ, शाखा आणि आठ आकड्यांचे नाव प्राप्त होते. त्यांपैकी पहिले सहा आकडे ब्रुसेल्सच्या पोथीतले, जगभर एकच, आणि उरलेले दोन दिल्लीचे.

एथिलीनचा वंश ३९०१, प्रॉपिलीनचा ३९०२, स्टायरीनचा ३९०३, आणि विनाइल क्लोराइडचा, म्हणजे आपल्या घरोघरच्या पीव्हीसीचा, ३९०४. येथवर कोणाची तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती शाखाभेदापासून. पॉलिएथिलीनचे विशिष्ट गुरुत्व ०.९४ हून कमी भरले तर त्याचे घर निराळे, आणि ०.९४ वा त्याहून अधिक भरले तर निराळे. पाण्यात टाकल्यास दोन्ही घरचे दाणे तुकोबांच्या वह्यांइतक्याच निष्ठेने वर येतात. परंतु पाण्याला दशांश चिन्ह समजत नाही आणि अंमलदाराला समजते, एवढाच काय तो फरक. रक्तशुद्धीच्या बाबतीत मात्र ही पोथी आपल्या जुन्या धर्मशास्त्र्यांहून पुष्कळच उदार आहे. दाण्यात एकाच मूळ घटकाचे वजन शेकडा ९५ वा अधिक असेल तर उरलेल्या पाचांचा परका सोयरसंबंध माफ होतो. ९५ च्या खाली उतरला की तो संमिश्र कुळाचा, म्हणजे कोपॉलिमर. अल्फा-ओलेफिनाशी सोयरीक केलेल्या हलक्या एथिलीनला तर २०१७ च्या सुधारणेत स्वतंत्र बिऱ्हाडही मिळाले, आणि एकत्र कुटुंबातील वाटणी एकदाची कागदोपत्री झाली.

याहून मनोरंजक प्रसंग प्लास्टिक आणि कृत्रिम रबर यांच्या सीमेवरचा. चाळिसाव्या प्रकरणातील टीप सांगते की, गंधकाने पक्का केलेला पदार्थ १८ ते २९ अंश उष्णतामानात मूळ लांबीच्या तिप्पट ताणला असता तुटता कामा नये, आणि दुप्पट ताणून सोडल्यावर पाच मिनिटांच्या आत मूळ लांबीच्या दीडपटीवर किंवा त्याहून खाली परत आला पाहिजे. तरच ते कृत्रिम रबर. ही कसोटी ज्याने लिहिली तो रसायनशास्त्रज्ञ खचितच असेल, परंतु त्याने एखाद्या पक्षाचा जाहीरनामाही जवळून पाहिला असावा असा मला दाट संशय आहे. तिप्पट ताणण्याची परीक्षा आमचे सर्वच पक्ष विनासायास उत्तीर्ण होतील. पाच मिनिटांत दीडपटीवर परत येण्याच्या परीक्षेस मात्र अद्याप कोणी बसल्याचे ऐकिवात नाही.

एवढा सूक्ष्म विचार सरकार आणि व्यापारी ज्ञानपिपासेने करतात असा कोणाचा समज असेल, तर त्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दोन घरांचा दर सारखा असेतोवर दोन्ही पक्ष कट्टर अद्वैती असतात, आणि सर्व पदार्थ मुळात एकच, ही त्यांची श्रद्धा अढळ असते. दरात अडीच टक्क्यांचे अंतर पडले की त्याच रात्री द्वैत उत्पन्न होते, प्रयोगशाळेकडे नमुने धावतात, वकिलांच्या हाती परिभाषेच्या जाड जाड बाडांच्या चळती येतात, आणि कालपर्यंत ज्याला दाण्याचा रंगही ठाऊक नव्हता तो त्याच्या रेणूविषयी कळकळीने बोलू लागतो. सिमेंटचे, खताचे ते विणलेले साधे पोते; परंतु ते प्लास्टिकचे की कापडाचे, हा प्रश्न मध्य प्रदेश उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० च्या सुमारास ते प्लास्टिकचे ठरले. पोत्याच्या आतील खताला याचा पत्ता लागला नाही.

आता फ्लेक्सचा मामला. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात पीव्हीसी फ्लेक्सवरील आयातशुल्क दहा टक्क्यांवरून पंचवीसवर नेण्यात आले. कारण असे दिले गेले की ही वस्तू कुजत नाही आणि पर्यावरणास व आरोग्यास घातक आहे. कारण खरे आहे. पण फ्लेक्सच्या पोटात धाग्यांची जाळी असल्यामुळे ते प्लास्टिक की लेप दिलेले कापड, हा जुना पेच तेथेही आहेच. एकोणसाठाव्या प्रकरणातील टीप यावर म्हणते की, जो माल १५ ते ३० अंशांत सात मिलिमीटर व्यासाच्या दंडगोलाभोवती हाताने वाकवता येत नाही, मोडतो, तो सामान्यतः प्लास्टिकच्या प्रकरणात जावा. आणि ज्याचे कापड प्लास्टिकमध्ये पूर्ण गाडले गेले आहे, किंवा ज्याच्या दोन्ही बाजूंवर नुसत्या डोळ्यांना दिसेल असा प्लास्टिकचा थर आहे, तोही तिकडेच. सात मिलिमीटर म्हणजे सुमारे आपली शाळेतली शिसपेन्सिल. तेव्हा मनाशी म्हटले, सरकारी प्रयोगशाळेस कशाला तसदी द्या?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी टोपल्यांवर एक जुना फ्लेक्स छपरासारखा ताणला आहे. त्याचा लोंबता तुकडा मागितला, तर त्या म्हणाल्या, "न्या की काका, साहेबांचा कानच तेवढा सुटलाय." तो कान घरी आणला. दिवाणखान्यात अठ्ठावीस अंश उष्णता होती, म्हणजे परीक्षा कायदेशीर. पेन्सिलीभोवती गुंडाळला, मोडला नाही, तडा नाही, रंगही उडाला नाही. फाटक्या कडेशी पांढऱ्या धाग्यांची चौकटी तेवढी दिसत होती. दोन्ही पृष्ठांवर मात्र गुळगुळीत, अखंड प्लास्टिक. वाकण्याच्या कसोटीने कान सुटला, थराच्या कसोटीने सापडला. प्रकरण एकोणचाळीस.

शुल्क वाढल्याला चार महिने पुरे होण्याच्या आत, २० नोव्हेंबर २०२४ रोजी, महाराष्ट्र विधानसभेचे मतदान झाले. मावशींकडे त्या हंगामातली तीन छपरे अजून घडी न मोडता शिल्लक आहेत.